चुकलंय

"हिरवो आत! पिवळो भायर! पांढऱ्या, तुझो पाय खंय आसा?"

पांढऱ्या म्हणजे मी. गुंडूतात्यांना आम्हा आठजणींची नावं चार महिन्यांत पाठ झाली नाहीत, आणि ती व्हावीत म्हणून त्यांनी काही कष्टही घेतले नाहीत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला. बायकांचे चेहरे त्यांना दिसत नसत, दिसायच्या त्या आमच्या हातातल्या दोऱ्या. म्हणून वालावलकरबाई लाल, मी पांढरी आणि शेवंती हिरवी.

"भायर, तात्या! मी बाहेरूनच जातेय," मी ओरडले.

"जातंस ना? मगे माझो ठेको कित्याक मोडलो?" म्हणत त्यांनी झांज गुडघ्यावर आपटली.

कुडाळच्या आमच्या महिला मंडळाने त्या वर्षी गणपतीनंतर दर शनिवारी दुपारी गोफाचं शिबिर ठेवलं होतं. मी मंडळाची चिटणीस. मूळची सांगलीची. सबनीसांच्या घरात लग्न होऊन येऊन आठ वर्षं झाली होती, आणि सांगलीच्या बाईला कोकणातलं काय कळणार हे सासूबाईंकडून ऐकून ऐकून माझे कान किटले होते. शिबिरात मी नाव घातलं ते त्या हट्टापायी. नाचाची आवड वगैरे सगळं नंतरचं.

गोफ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. आढ्याला एक लोखंडी कडी आणि कडीला बोटाएवढ्या जाडीच्या आठ रंगीत दोऱ्या बांधलेल्या. खाली आठजणी गोल उभ्या, प्रत्येकीच्या हातात एकेका दोरीचं टोक. ताल सुरू झाला की चौघी एका दिशेने निघतात आणि चौघी उलट दिशेने. समोरून येणारीला एकदा आतून ओलांडायचं, पुढचीला बाहेरून. नाचता नाचता डोक्यावर आठ रंगांची वेणी उतरत येते. ती हातभर झाली की ताल बदलतो आणि आल्या पावली सगळ्यांनी उलट जायचं. वेणी आपोआप सुटते आणि दोऱ्या पुन्हा मोकळ्या. लोक टाळ्या वाजवतात ते विणण्याला नव्हे, सोडवण्याला.

तात्यांचा एकच नियम होता. तो त्यांनी पहिल्याच शनिवारी सांगितला.

"जो चुकात तेणां थंयच 'चुकलंय' म्हणान आरडूचा. लाज कसली? सगळ्यांनी एक पावल मागे येवचा, झाला. पण तोंड धरून पुढे गेलात, तर गोफ तुमका काय सांगूचो नाय. गुपचूप इणान जातलो. सोडवूक गेलात काय मगे दाखयतलो."

पहिला महिना ते सभागृह 'चुकलंय, चुकलंय'नेच दुमदुमत होतं. आमच्या अध्यक्ष वालावलकरबाई साठीच्या, सरकारी अधिकाऱ्याच्या पत्नी. त्यांच्या तोंडून काही तो शब्द निघेना. "माझं जरा हे झालं," असं त्या म्हणायच्या. तात्या झांज थांबवून वाट बघत बसायचे. "हे झाला न्हय, बाई. चुकलंय म्हणा." शेवटी बाई इकडेतिकडे बघून पुटपुटायच्या, आणि आम्ही पदरात तोंड घालून हसत एक पाऊल मागे यायचो.

एकटी शेवंती कधी चुकत नसे.

शेवंती गावडे काजूच्या कारखान्यात कामाला होती. आमच्यात ती आली कशी, तर आठवी बाई मिळेना म्हणून. वालावलकरबाईंच्या घरी दळण न्यायला ती यायची, तिला त्यांनी उभी केली. वय असेल तिशीच्या आतबाहेर. नवरा ट्रकखाली जाऊन चार वर्षं झाली होती, पदरी सुगंधा नावाची एक मुलगी. काजूच्या टरफलाचा चीक लागून तिची बोटं काळी पडलेली आणि जागोजागी सोललेली. शनिवारी अर्धी पाळी टाकून ती चीक भाजू नये म्हणून राख लावलेल्या हातांनी तशीच यायची.

पहिल्या दिवशी तात्यांनी दोऱ्या हाताला लागतील तशा वाटल्या. तिच्या वाट्याला हिरवी आली. तिने हातच पुढे केला नाही.

"तात्यानु, माका दुसरी देवा. हिरवी नको."

"कित्याक?"

आम्ही सगळ्या सतरंजीकडे बघायला लागलो. हिरवा चुडा, हिरवं लुगडं, हिरव्या खणाने ओटी. विधवेच्या हातात हिरवं कोण देतं?

तात्यांना उमगायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी दोरीचं टोक तिच्या हातात कोंबलं. "दोरयेक ठाव आसा काय तुझो घो मेलो ता? धर."

तिने धरली. जरा वेळाने बघितलं तर ती त्या दोरीवरून अंगठा फिरवत होती आणि स्वतःशीच हसत होती. त्या दिवसापासून शेवंती नाचली ती अशी नाचली की बाकीच्या आम्ही फक्त चालत होतो. तिला आपल्या दोरीचीच नव्हे, आठही दोऱ्यांची पावलं कळत. मी गडबडले की ती पलीकडून जाताना हळूच "वैनी, भायर" म्हणायची. मला त्याचा राग येई. तिचे उपकार वाटायच्या ऐवजी राग येई, हे आज लिहायला हरकत नाही.

डिसेंबरात एक बातमी आली. तालुक्यातल्या एका शिक्षणसंस्थेने आपल्या शाळांमधून गोफ शिकवायला एक बाई नेमायचं ठरवलं होतं. तात्यांचं वय झालेलं, डोळे गेलेले, तेव्हा तात्या सांगतील ती बाई. सव्वीस जानेवारीच्या लोककला स्पर्धेत आमचा गोफ बघायचा आणि मग तात्यांनी नाव सांगायचं. ज्या बाईचं नाव निघेल तिला तात्या आपला गोफही देणार होते. त्या आठ दोऱ्या त्यांच्या वडलांनी वळलेल्या होत्या.

नाव कोणाचं निघणार याबद्दल कोणालाच शंका नव्हती. मलाही नव्हती. पण मनातल्या मनात मी सासूबाईंसमोर ते स्वतःचं म्हणून चार वेळा उच्चारून बघितलं होतं.

एका शनिवारी पाणी प्यायला आम्ही दोघी माठापाशी उभ्या होतो. शेवंती म्हणाली, "वैनी, तात्यांनी माका घेतल्यानी तर माझो कारखानो सुटात."

"घेतील की. तुझ्याशिवाय कोण आहे?"

तिने दोन्ही हात माझ्यापुढे उलटे केले. "ह्या हातांनी सुगंधाची येणी घालूक भियातंय मी. केसांक चीक लागलो तर मान भाजता पोराची. शेजारीण घालता तिची येणी."

मी काहीतरी गोड बोलले. काय ते आठवत नाही.

सव्वीस जानेवारीला हायस्कूलच्या पटांगणात मांडव घातला होता. उन्हं डोक्यावर आलेली. पहिल्या रांगेत परीक्षक आणि पाहुणे, दुसऱ्या रांगेत आमच्या सासूबाई, नव्या इरकलीत. आठ वर्षांत माझं काही बघायला त्या पहिल्यांदाच घराबाहेर पडल्या होत्या. पडद्याच्या फटीतून मी त्यांना बघत होते, तेवढ्यात वालावलकरबाई कानाशी आल्या.

"हेमलता, हिरवी कोणाकडे आहे ते आज पुढच्या रांगेतल्यांच्या लक्षात येईल हं. गावातलीच माणसं सगळी. मला काही नाही बाई, पण…"

त्या 'पण'च्या पुढे त्या काही बोलल्या नाहीत आणि केसातला गजरा चाचपत निघून गेल्या. पुढचं वाक्य मी स्वतःच पुरं केलं. कोणी मला सांगितलं नव्हतं.

शेवंती कडीखाली उभी राहून हिरवीचा पीळ नीट करत होती.

"शेवंती, आज आपण दोरी बदलू या का? तू माझी पांढरी घे."

"कित्याक?"

"अगं, समोर सगळी… म्हणजे उगाच कोणी काही बोलायला नको. तुझ्यासाठीच म्हणतेय मी."

तिला कळलं. चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेल्यासारखं झालं. पण तिने विचारलं ते वेगळंच. "तात्यांक सांगलात?"

"ते बसले झांज घेऊन कोपऱ्यात. आता कुठे त्यांना घोळात घालतेस?"

"वैनी, तात्या रंगाची हाक देतत. तुमचो पाय पांढऱ्याच्या हाकेर पडता. हिरव्याची पावला जमतली तुमका?"

"मला न जमायला काय झालं?" मी म्हटलं. आवाज जरा चढलाच माझा.

तिने हिरवी माझ्या हातात दिली. पांढरी घेताना हात आधी लुगड्याला पुसले.

पडदा उघडला. पहिल्या चार फेऱ्या झकास झाल्या. मी मनात 'हिरवी, हिरवी' घोकत होते. मांडवातली माणसं ठेका धरायला लागली. पाचव्या फेऱ्यानंतर तात्यांनी लय वाढवली आणि त्यांच्या हाका जोडीजोडीने यायला लागल्या. सहावा फेरा गेला. सातव्या फेऱ्यात दुसऱ्या रांगेकडे माझी नजर गेली. सासूबाई शेजारणीला कोपराने ढोसून माझ्याकडे बोट दाखवत होत्या. माझी सून म्हणून दाखवत होत्या.

"पांढरो आत!" तात्या ओरडले.

माझा पाय आत गेला.

हिरव्याने बाहेरून जायचं होतं. मला ते त्याच क्षणी कळलं. चार महिन्यांत हजार वेळा म्हटलेला शब्द जिभेवर आला होता. नुसतं ओरडायचं होतं. सगळ्यांनी एक पाऊल मागे घेतलं असतं, लोक हसले असते, संपलं असतं. पण सासूबाईंचं बोट अजून तसंच वर होतं. मी तोंड मिटलं आणि पुढचं पाऊल टाकलं.

गोफाने तेव्हा काहीच दाखवलं नाही. सुरेख वेणी उतरली, टाळ्या पडल्या. मग ताल बदलला, आम्ही उलट फिरलो. खालचे फेरे सुटले आणि सातव्याशी गोफ अडला. आठ दोऱ्या, आठ बायका, आणि डोक्यावर एक गाठ. आम्ही ओढलं तशी ती आणखी आवळली. गुलाबी आणि निळी एकमेकींना आदळल्या. मांडवात कोणीतरी शिट्टी मारली, मग हशा पिकला, आणि कोणाला तरी दया येऊन पडदा ओढला गेला.

कोणीतरी कात्री आणली.

"कातर लावशात तर हात मोडीन," तात्या म्हणाले. त्यांचा आवाज मी इतका हळू कधी ऐकला नव्हता. त्यांनी कडी तशीच काढून घेतली, गाठीसकट सगळा गोफ पिशवीत भरला आणि एसटी धरून गावी गेले.

कोण चुकलं ते माझ्याशिवाय कोणालाच कळलं नव्हतं. नाचताना प्रत्येकीला आपल्या पुढच्या दोघींपलीकडे काही दिसत नाही. दोरी जुनी होती, असा निकाल वालावलकरबाईंनी दिला आणि सगळ्यांनी तो मानला. मीही मान हलवली.

पंधरा दिवसांनी शनिवारी दुपारी तात्या माझ्या घरी आले. चिटणीस म्हणून माझ्याकडे. शेवंतीलाही त्यांनी निरोप धाडून बोलावलं होतं. ती पडवीच्या पायरीवर बसली होती. तात्यांनी पिशवी उघडून सतरंजीवर आठ दोऱ्या एकेक करून सरळ मांडल्या. कुठे एक धागा तुटलेला नव्हता.

"पंधरा दिस लागले," ते म्हणाले. "बोटांनी उकललंय. सातव्या फेऱ्याक हिरवो आत गेलो. जावचो होतो भायर."

घरात सासूबाई चहा करत होत्या. गाळणीचा आवाज येत होता.

तात्यांनी पायरीच्या दिशेने तोंड वळवलं. "शेवंते, तुझ्याकडसून ह्या जायत असा माका सपनातय वाटूक नाय होता. पाय चुकता. माझोय चुकता. पण तू चुकलंय म्हणाक नाय. तोंड धरलंस. जो तोंड धरता, तेच्या हातीत मी लोकांची पोरां कशी देव?"

दोरी बदलली हे मंडळातल्या सगळ्यांना माहीत होतं. चुकली कोणती दोरी हे त्यांना माहीत नव्हतं. चुकली कोणती ते तात्यांना माहीत होतं. दोरी बदलली हे माहीत नव्हतं. दोन्ही माहीत असलेल्या आम्ही दोघीच त्या पडवीत बसलो होतो.

शेवंतीने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. गडबडले की पलीकडून जाताना बघायची तसं बघितलं, आता बाई आपलं पाऊल सुधारेल अशा भरवशाने. ती थांबली होती. मला एवढंच म्हणायचं होतं की तात्या, त्या दिवशी हिरवी माझ्याकडे होती. मग तात्या विचारणार, कशी? मग सांगावं लागणार, का बदलली ते. आणि आत सासूबाई ऐकणार. असा सगळा हिशेब मी त्या दोन मिनिटांत केला. भ्याले होते, दुसरं काही नाही. आणि खरं सांगायचं तर भीतीच्या खाली आणखी एक गोष्ट होती. शेवंती गेली की पुढचं नाव कोणाचं, ते मला ठाऊक होतं.

चहाचे कप बाहेर आले. शेवंतीने माझ्यावरची नजर काढली.

"होय तात्यानु," ती म्हणाली. "हिरव्यान चुकवल्यान."

'मी' असं ती म्हणाली नाही. मग उठली, पायात वहाणा सरकवल्या आणि चहा न घेता गेली. फाटक तिने नीट लावून घेतलं.

तात्यांनी चाचपत दोऱ्या गोळा करून माझ्या मांडीवर ठेवल्या. "तर बाई, आता तुमीच शिकवा. पांढरो सरळ होतो तुमचो. सगळो उकलून बघलंय. एकदाय चुकाक नाय."

मी त्यांच्या पाया पडले.

सासूबाईंनी त्या दिवशी देवापुढे साखर ठेवली. सांगलीच्या सुनेने कोकणातला गोफ घरी आणला म्हणून त्या गल्लीभर सांगून आल्या. मंडळात कोणी विचारलंच, तर शेवंतीला कारखान्यातून सवड मिळत नाही असं मी सांगायचे. हळूहळू कोणी विचारेनासं झालं.

गोफ घरी आला त्याच संध्याकाळी मी दोऱ्या धुवायला घेतल्या, तेव्हा पांढरीच्या टोकाला काळे डाग दिसले. चार बोटं आणि एक अंगठा. हिरवीवर असले डाग चार महिने पडत असतील, पण दिसले नसतील. पांढरीवर चांगले उमटले होते. साबण लावला, लिंबू लावलं, उन्हात घातली. काजूचा चीक जात नाही. तात्यांना दिसत असतं तर मी न बोलताही त्यांना सगळं कळलं असतं.

सत्तावीस वर्षं मी गोफ शिकवला. तालुक्यात मला 'गोफवाल्या सबनीसबाई' म्हणतात. वर्तमानपत्रात दोनदा फोटो आला. प्रत्येक शिबिरात पहिल्या दिवशी मी मुलींना सांगायचे, चुकलं की तिथल्या तिथे 'चुकलंय' म्हणून ओरडायचं, लाज कसली? आणि दोऱ्या वाटताना पांढरी स्वतःकडे ठेवायची. मुलींना वाटायचं, बाईंचा आवडता रंग.

मी शिकवायला लागून अकरा वर्षं झाली आणि तात्या वारले. डोळ्यांचं ऑपरेशन त्यांनी शेवटपर्यंत करून घेतलं नाही. अकरा वर्षांत मी त्यांच्याकडे कितीदा तरी गेले, फणस घेऊन, धोतरजोडी घेऊन. दर वेळी वाटेत ठरवायचे की आज सांगायचं. दर वेळी ते विचारायचे, "पोरां 'चुकलंय' म्हणतत मां?" मी म्हणायचे, "म्हणतात, तात्या."

गेल्या वर्षी एका शाळेत स्पर्धा होती, मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. सातवा की आठवा संघ एका वाडीतल्या मुलींचा होता. दोऱ्या म्हणजे जुन्या लुगड्यांचे काठ, फाडून वळलेले. ताल सुरू झाला आणि पडद्याआडून हाक आली.

"मनाली आत! तन्वी भायर!"

मी पेन खाली ठेवलं. गोफात नावाची हाक मी कधी ऐकली नव्हती.

चौथ्या फेऱ्यात एक बुटकी मुलगी ऐन रंगात ओरडली, "चुकलंय!" आठहीजणी खिदळत एक पाऊल मागे आल्या आणि पुन्हा निघाल्या. मांडवात लोक हसले, मग टाळ्या पडल्या. पुढे गोफ सुटला तो लोण्यासारखा. पहिला नंबर मी त्यांनाच दिला, आणि बक्षीस घ्यायला बाई वर आल्या तेव्हा ती शेवंती होती. केस पिकलेले, चालणं तेच. ढाल माझ्या हातून घेताना तिने मला "बऱ्या आसात मां, वैनी?" एवढंच विचारलं.

पुढच्या रविवारी मी गोफाचं गाठोडं घेऊन तिच्या वाडीवर गेले. ती अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होती. कारखाना सुटून पाच-सहा वर्षं झाली होती. बोटांवर नवी कातडी आली होती, पण नखं काळीच होती. आंब्याच्या फांदीला कडी टांगलेली होती.

"नावाची हाक देतेस तू," मी म्हटलं.

"होय. रंग काय, कोणाच्याय हातीत जाता."

मी बसले. गाठोडं मध्ये ठेवलं. आणि अठ्ठावीस वर्षांनी तो शब्द म्हटला. "शेवंती, चुकलंय."

तिचे हात थांबले नाहीत. एकेक सोल ती उलटं करत राहिली. जरा वेळाने म्हणाली, "वैनी, ता त्याच पावलार म्हणूचा असता. एक पावल मागे येवक सगळ्यांका जमता. अठ्ठावीस वर्सां मागे कोण येतला?"

"मग तू का नाही बोललीस त्या दिवशी? तुझी वाट मीच अडवली होती. सांगायचंस."

"मी सांगान काय उपयोग? ज्याचो पाय, तेच्याच तोंडान येवक होया. तात्यांनीच शिकवल्यानी ना ता?" तिने पदराने कपाळ पुसलं. "माझा काय नाय. सुगंधाची येणी मी कधी घालूक नाय, ती नाय. आता तिची पोरां मोठी झाली. पण तात्या माका तोंड धरणारी समजान गेले. तेंका सांगूक होया होता, वैनी. माका सांगान काय? माका ठावच होता."

मला रडू आलं. तिने मला रडू दिलं. समजूत घालायला ती आली नाही, आणि तिने यावं असं मी कुठल्या तोंडाने म्हणणार?

नंतर मी गाठोडं तिच्याकडे सरकवलं. "हा गोफ तुझा आहे. तेव्हाच तुझा होता."

तिने गाठ सोडली. पांढरीचं टोक हातात घेतलं, डागावर अंगठा ठेवून बघितला. तो तिथे बरोबर बसला. मग पांढरी खाली ठेवून तिने हिरवी बाहेर ओढली, सावकाश गुंडाळली आणि मांडीवर घेतली. उरलेल्या सात दोऱ्यांची पुन्हा गाठ बांधून गाठोडं माझ्यापुढे ठेवलं.

"ही तेवढी ऱ्हवांदे माका. बाकीचो तुमीच न्हेवा."

"सातांचा गोफ होत नाही, शेवंती."

"माका ठाव आसा," ती म्हणाली, आणि सरबत आणायला घरात गेली.

त्याला आता वर्ष होत आलं. बाजारात हिरवी दोरी मिळते, मी आणलेली नाही. शाळांची पत्रं येतात, यंदा शिबिर कधी ठेवायचं म्हणून विचारतात. गुडघे दुखतात, असं मी सगळ्यांना कळवते. गुडघे अगदी ठणठणीत आहेत.